केरूदाची पुरलेली कलमं

मी सत्तावीस वर्षं कृषी सहाय्यक होतो. म्हणजे लोक आपल्या शेतात जे करतात ते चूक आहे, हे सांगण्याचा मला पगार मिळायचा. काम मी मन लावून केलं. आमच्या वाडीतल्या प्रत्येक माणसाला मी निदान एकदा तरी चूक ठरवलेलं आहे, आणि शेजारच्या केरूदाला तर सलग अठरा वर्षं ठरवत होतो. म्हणून त्याची हकीकत मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली तर माझं काही खरं नाही.

केरूदा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मुंबईला फोर्टातल्या एका इमारतीत एकतीस वर्षं लिफ्टमन होता. एकतीस वर्षं तो वर गेला आणि खाली आला. त्यामुळे त्याला बोलायची सवय राहिली नव्हती. लिफ्टमध्ये बोलतात ती दुसरी माणसं, लिफ्टमनने ऐकायचं आणि मजला आला की दार उघडायचं. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल, नारळ आणि लिफ्टमधलं बसायचं लोखंडी स्टूल दिलं. नवीन लिफ्ट आपोआप चालणारी होती, तिच्यात कुणी बसणार नव्हतं. शाल त्याने बायकोला दिली, नारळ देवाला दिला आणि स्टूल घेऊन दोन हजार पाच साली तो पालीच्या थांब्यावर एसटीतून उतरला. वाडीत आल्यावर ते स्टूल पडवीत ठेवलं आणि त्यावर बसला. घरात दोन खुर्च्या होत्या, त्या पाहुण्यांसाठी.

वर सड्यावर, म्हणजे वाडीच्या डोक्यावरच्या खडकाळ पठारावर, त्याचा दीड एकर कातळ होता. कातळ म्हणजे कातळच. पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात त्याच गवताचं कुसळ, आणि अधेमधे करवंदीची जाळी. तिथे त्याने हापूसची तीस कलमं लावायचं ठरवलं. मी म्हटलं, चांगला विचार आहे. माझ्या नोकरीतलं हे वाक्य मी फार कमी वेळा उच्चारलं आहे.

खड्डे त्याने स्वतः मारले. लिफ्टचं बटण दाबलेल्या हाताने पहार धरायची म्हणजे काय होणार ते दिसत होतं. एकोणतीस खड्डे झाले, आणि तिसाव्यात शेवटची पहार त्याने दगडाऐवजी आपल्या पायाच्या अंगठ्यावर मारली. नख गेलं, अंगठा वांग्याएवढा झाला. अख्खी वाडी अंगठा बघून आली. मीही गेलो आणि पहार कशी धरायची ते त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत होता. पाय त्याने स्टुलावर ठेवला होता.

आषाढात मी सड्यावर गेलो, तर तीसच्या तीस कलमं लागलेली. ओळी सरळ, प्रत्येकाला काठीचा आधार. मी एका कलमाशी वाकलो, मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. एकाचाही सांधा दिसेना.

आता सांधा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कलम म्हणजे दोन झाडांचं एक झाड. खाली रायवळ आंब्याच्या कोयीतून आलेलं रोप असतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्या खुंटावर हापूसची काडी बसवून बांधतात. दोघांचं जिथे जुळतं तो सांधा. सांध्याच्या वर जे फुटेल ते हापूस, खाली जे फुटेल ते रायवळ. लावताना सांधा मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, नाहीतर तिथे पाणी धरतं, साल कुजते, कलम मरतं. हे मी शेकडो सभांमध्ये सांगितलं आहे. भिंतीवर तक्ते लावले आहेत. आणि माझ्या शेजाऱ्याने तीसच्या तीस सांधे मातीत घातले होते.

मी तसाच खाली आलो. केरूदा पडवीत स्टुलावर बसला होता.

"कलमं लावली कुणी?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

"सांधा कुठाय?"

"आत."

"आत म्हणजे?"

"मातीत."

मी त्याला अर्धा तास झापलं. सगळी माती उकरून काढ, नाहीतर एक कलम हाताला लागायचं नाही, असं बजावलं. तो म्हणाला, "बगू." त्याची बायको, सीतावहिनी, दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. चहात साखर नव्हती. घाईत विसरल्या असतील, असं मला वाटलं.

माती काही उकरली गेली नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत अकरा कलमं कुजून मेली आणि माझ्या म्हणण्याला आकड्याचा आधार मिळाला. तेव्हापासून मी तो विनोद सुरू केला. "केरूदाने कलमं लावली नाहीत, पुरली." ग्रामसभेत सांगितला, लग्नात सांगितला, गणपतीत भजनाच्या मध्ये चहा येतो तेव्हा सांगितला. लोक हसायचे. केरूदा पुढून आला की कुणीतरी विचारायचं, "काय केरूदा, कलमांचं बारावं कधी?" तो हसायचाही नाही आणि चिडायचाही नाही. मजला आल्यासारखा थांबायचा आणि पुढे जायचा. विनोद माझा होता, हे मी त्या काळात आवर्जून सांगायचो.

सर्वात जास्त वेळा मी तो त्याच्याच पडवीत सांगितला. कारण आमच्या दोन घरांच्या मध्ये एक चिरेबंदी गडगा, म्हणजे बुटकं दगडी कुंपण, तेवढंच अंतर. माझ्याकडे तालुक्याचं कुणी आलं की मी त्यांना केरूदाकडे न्यायचो, चूक कशी असते ते दाखवायला. सीतावहिनी चहा करायच्या. सगळ्यांच्या चहात साखर असायची, माझ्या नसायची. मला तेव्हा मधुमेह नव्हता. पण चाळिशी-पन्नाशीनंतर साखर कमी केलेली बरी, आणि शेजारीण एवढी काळजी घेते, याचं मला कौतुक वाटायचं. घरी बायकोला मी ते बोलूनही दाखवलं होतं.

सीतावहिनी गुहागरकडच्या. माड-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या. आमच्या कातळावर लग्न करून आल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं असणार की जमीन इतकी कडकही असते. बाई अंगाने बारीक, पण कामाला वाघ. त्या उरलेल्या एकोणीस कलमांना त्यांनी तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी घातलं. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. विहिरीपासून सडा अर्धा तास चढ आहे. केरूदा मागून कळशी घेऊन जायचा, पण पुढे त्या. दोन हजार अकरा साली पहिला आंबा धरला. हापूसच होता, चांगला होता. मी म्हटलं, नीट लावली असती तर दोन वर्षं आधी धरला असता. हे शास्त्रानुसार खरं आहे.

दोन हजार चौदाच्या श्रावणात सीतावहिनी चार दिवस तापाने पडल्या आणि गेल्या. मुलगा विनीत तेव्हा ठाण्याला कुरियरच्या कचेरीत लागलेला होता. तो बापाला म्हणाला, माझ्याकडे चला. केरूदा म्हणाला, "बगू." दुसऱ्या दिवशी तो स्टूल खांद्यावर घेऊन सड्यावर गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. मग रोजच जायला लागला. मी मात्र तो विनोद काही दिवस बंद ठेवला. दिवाळीनंतर पुन्हा सुरू केला.

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत सड्यावर वणवा आला. वणवा कुणी लावला हे दरवर्षी कुणालाच ठाऊक नसतं आणि दरवर्षी सगळ्यांना ठाऊक असतं. भर दुपारी, वारा सुटलेला, गवत कमरेइतकं. आम्ही वीस-पंचवीस माणसं ओल्या डहाळ्या घेऊन झोडत होतो. आग आमच्या डाव्या हाताने गेली आणि तीन बागा घेऊन गेली. त्यात केरूदाची एकोणीस झाडं. मोहर नुकताच बाजरीच्या दाण्याएवढा धरला होता. दोन तासांत काळे खुंटारे राहिले, कुणी हातभर, कुणी वीतभर.

पंचनाम्याला लोक आले. मी निवृत्त झालो होतो, पण जाणता म्हणून मला बोलावलं. मी एकेका खुंटाऱ्याची साल नखाने खरवडली. हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेलं, एवढी सोपी परीक्षा आहे. सगळं कोळसा होतं. मी सांगितलं, पूर्ण मेली.

केरूदा तोवर एका झाडाच्या बुडाशी उकिडवा बसून बोटांनी माती उकरत होता. चार बोटं खाली गेला आणि तिथे नख मारलं.

"काशीराम," तो मला म्हणाला, "वरचे मजले गेले. तळघराचं काय?"

मला वाईट वाटलं. म्हातारा बायको गेल्यापासून एकटा, त्यात हे. डोक्यावर परिणाम होणारच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "केरूदा, आंब्याला तळघर नसतं." त्याने नखाखाली काय दिसतंय ते मला दाखवायला बोट वर केलं होतं. मी पुढच्या बागेकडे निघालो होतो.

एप्रिलमध्ये, थेंबभर पाणी नसताना, जळालेल्या करवंदीला पानं आली. ती येतातच. मेच्या शेवटी आंब्यांच्या बुडातून, मातीतून, तांबूस कोंब वर आले. केरूदाच्या एकोणीसपैकी सोळा झाडांना आले, बाकीच्या दोन बागांतही आले. बाकीचे दोघे माझ्याकडे धावत आले, काशीरामभाऊ, झाडं जगली. मी त्यांना शांतपणे समजावलं की जगलं ते झाड नव्हे, खुंट. सांधा होता वर, तो जळाला, हापूस गेला. आता खालून येतंय ते रायवळ. सात वर्षं सांभाळाल आणि आंबट, धाग्याचा, लोणच्यालाही नको असा आंबा खाल. त्यांनी खुंट काढले आणि नवी कलमं लावली. त्यांना मी बरोबर सांगितलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

केरूदाला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "ऐन दर सालाला तोडतूच की आपण."

हे त्याचं खरं होतं. भाताची दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजायला आम्ही ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या दरवर्षी सपासप उतरवतो, नुसता शेंडा ठेवतो, आणि पुढच्या वर्षी झाड पुन्हा तेवढंच. पण ऐन हा ऐनच असतो, मी म्हटलं. वरून तोडला काय, खालून तोडला काय, फुटतो तो ऐनच. तुझं कलम आहे. त्याच्या पोटात दोन झाडं आहेत आणि त्यातलं नको असलेलं उरलंय.

"पान बगून सांग," तो म्हणाला.

"पानावरून नाही सांगता येत. रायवळाचं पान शंभर तऱ्हेचं असतं. फळ आल्याशिवाय कुणी सांगतो म्हणाला तर तो खोटं बोलतो."

"मंग तू कसं सांगतंस?"

मी त्याला म्हटलं, मी सत्तावीस वर्षं या खात्यात होतो. तो कोंब मोजायला वाकला.

प्रत्येक खुंटाऱ्याला पाच-सात कोंब होते. त्याने एकेक, दोन-दोन चांगले ठेवले, बाकीचे काढले. उन्हाळ्यात पाणी घालायला लागला. एक्काहत्तराव्या वर्षी, कळशी खांद्यावर, अर्धा तास चढ. आता पुढे कुणी नव्हतं.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीला विनीत आला आणि त्याने बापाला पाणी वाहताना बघितलं. मग माझ्याकडे आला. पोरगा सरळ आहे, त्याच्यात काही वाईट नाही. म्हणाला, "काका, मी नवीन कलमं आणून देतो. तीस. चांगल्या नर्सरीतली. जेसीबी लावून ते खुंट काढू, पाइप टाकू, नीट लावू. बाबांनी वणवण करायची नाही. पण ते ऐकत नाहीत. तुम्ही सांगाल तसं करू. तुम्ही म्हणालात की ते हापूस आहे, तर मी हात लावणार नाही."

म्हणजे निकाल माझ्यावर आला. मी एक क्षणही विचार केला नाही. म्हटलं, "रायवळ आहे. काढून टाक."

लक्ष्मीपूजनानंतर तिसऱ्या दिवशी जेसीबी सड्यावर चढला. चालवणारा ओमकार नावाचा पालीचा मुलगा, कानात गाणी. आम्ही पोचलो तर पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडापुढे लिफ्टचं स्टूल आणि स्टुलावर केरूदा. अंगात लिफ्टमनचा खाकी शर्ट, तो कुठून काढला कोण जाणे. ओमकारने भोंगा वाजवला. केरूदाने मान हलवली, आलेल्या माणसाला ओळख दाखवावी तशी. विनीतने समजावलं, मी समजावलं. केरूदा बसून राहिला. एकतीस वर्षं रोज आठ तास एका जागी बसलेल्या माणसाला बसण्यात कोण हरवणार? दुपारी ओमकारने यंत्र बंद केलं आणि त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी ओमकार मला म्हणाला, "काका, आजोबा बोलत नाहीत, पण माणूस चांगला आहे."

मला राग आला होता. मी केरूदाला म्हटलं, "पोरगा फुकट नवी कलमं देतोय. ती पण कलमंच. तुझा हट्ट कसला आहे नेमका?"

"ही लावलेली हायत," तो म्हणाला.

"नवीन पण लावलेलीच असतील ना?"

"ही लावलेली हायत."

भिंतीशी बोलावं तर भिंत बरी. शेवटी विनीतनेच तोड काढली. म्हणाला, "बाबा, एक फळ येऊ दे. एक. काकांनी ते खाऊन सांगायचं. हापूस निघालं तर राहू दे सगळं. रायवळ निघालं तर मी काढणार, आणि तुम्ही ठाण्याला येणार."

केरूदा स्टुलावरून उठला. "रायवळ निघालं तर मीच काडीन," तो म्हणाला. "यंत्र नको." एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं त्याने त्या सोळा झाडांशिवाय काही केलं नाही. जानेवारीतच भोवतीचं गवत काढून दोन माणसांच्या रुंदीचा पट्टा भाजून ठेवायचा, म्हणजे पुन्हा वणवा आला तर तिथे थांबावा. लॉकडाऊनमध्ये विनीत चार महिने घरी होता. तोही कोयता घेऊन बापाच्या मागे जायचा, पण त्या एका फळाच्या अटीचा विषय कुणी काढला नाही. जुनी मुळं कातळाच्या फटीत खोल गेलेली, त्यामुळे झाडं झपाट्याने वाढली. तीन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर. मी रोज संध्याकाळी फिरायला जायचो आणि बघून यायचो. आपलं म्हणणं बरोबर ठरताना बघायला कुणाला आवडत नाही?

दोन हजार बावीसच्या डिसेंबरात एका झाडाला मोहर आला. एकालाच. मोठ्या धोंड्याशेजारचं, सातव्या नंबरचं. फेब्रुवारीत त्याला सतरा कैऱ्या होत्या. केरूदा रोज मोजायचा आणि मला गडग्यावरून सांगायचा. सतरा. चौदा. नऊ. मार्चमध्ये वानरांची टोळी आली, चार राहिल्या. त्या दिवसापासून स्टूल झाडाखाली गेलं आणि केरूदा जेवायलाही तिथेच राहिला. एप्रिलच्या शेवटी एक वाऱ्याची वावटळ आली, दहा मिनिटांची. वाडीत कुणाचं काही गेलं नाही. त्या संध्याकाळी तो गडग्याशी आला आणि नुसता उभा राहिला.

"किती?" मी विचारलं.

त्याने एक बोट वर केलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याने तो एक आंबा देठासकट उतरवला आणि खाली आणला. भाताच्या पेंढ्यात, खोक्यात ठेवला. विनीतला फोन केला. विनीत बायकोला, शमिकाला, घेऊन आला. दहा दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी माझ्या घरी. खरं सांगायचं तर मलाही झोप लागत नव्हती, आणि का लागत नव्हती ते मला कळत नव्हतं. रायवळ निघणार हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त तो म्हातारा कुदळ घेऊन सड्यावर निघालेला मला डोळ्यांसमोर दिसायचा आणि तो दिसू नये असं वाटायचं.

अकराव्या दिवशी सकाळी विनीत बोलवायला आला. मी गडगा ओलांडला आणि पडवीच्या पायरीवर पाय ठेवला. तिथेच थांबलो. आंबा आतल्या खोलीत होता, खोक्यात, पेंढ्याखाली, आणि वास पडवीत होता. कापायची गरज नव्हती. पण आयुष्यभर कागदावर सही केल्याशिवाय काही मानलं नाही, म्हणून आत गेलो, सुरी मागितली, आंबा कापला. केशरी. धागा नाही. एक फोड तोंडात घातली. सगळे माझ्याकडे बघत होते. केरूदा बघत नव्हता, तो कोपऱ्यातल्या मडक्याकडे बघत होता.

"हापूस," मी म्हटलं.

 विनीतने एक फोड उचलली, खाल्ली, दुसरी बापाच्या हातावर ठेवली आणि तोंड पुसत मागल्या दाराने बाहेर गेला.

आणि मग, तोंडात चव असताना, ते माझ्या डोक्यात शिरलं. सांधा मातीत होता. मातीत चार बोटं खाली. आग वरून गेली. मातीखाली, सांध्याच्या वर, हापूसचं खोड जिवंत राहिलं, आणि त्यातून कोंब फुटले. त्याने तळघर म्हटलं होतं ते हेच. जो विनोद मी वर्षानुवर्षं गावभर सांगत फिरलो, त्याचा अर्थ एकट्या मलाच कळला नव्हता. सत्तावीस वर्षं नाकाने कांदे सोलले, आणि चार बोटं माती उकरून बघितली नाही.

पुढच्या दोन वर्षांत बाकीच्या झाडांना फळ धरलं. सोळांपैकी अकरा हापूस निघाली, पाच रायवळ. म्हणजे पाच ठिकाणी मी बरोबर होतो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पण त्या सकाळी मी मोठ्या मनाने म्हटलं, "केरूदा, मानलं तुला. तुझी चूकच तुला तारून गेली."

"चूक व्हती," तो म्हणाला. "माजी नव्हती."

"म्हणजे?"

"माजा अंगठा इसरलास काय?"

मी विसरलो नव्हतो. अख्खी वाडी तो बघून आली होती. फक्त पुढचा हिशोब कुणी केला नव्हता.

"पंदरा दिवस मी हितं पडलू व्हतो," तो म्हणाला. "पाऊस लागला, कलमं पिशवीत. किती ठेवणार? तिने लावली. एकटीने, दोन दिवसांत तीस. त्यांच्याकडं माड लावतात तो हातभर खोल लावतात, वाऱ्याला पडू नये म्हनून. तिला वाटलं झाड ते झाड. भिजून आली, पदर पिळला, आनि मला म्हनाली, आता वादळ येऊ दे, एक पन हलायचं नाय." तो थांबला. "मी महिन्याने वर गेलू, बगितलं. सांधा नाय. नर्सरीवाल्यानं मला सांगितलं व्हतं, मला ठावं व्हतं. पन तिला मी काय बोलू?"

"मग मी आलो," मी म्हटलं.

"मंग तू आलास. इचारलंस, कुनी लावली."

शमिकाने पदराचं टोक डोळ्याला लावलं. मी खाली बघत होतो. सीतावहिनी त्या दिवशी दारात उभ्या होत्या. नंतरही, दर वेळी, मी पडवीत बसून कलमं पुरली म्हणत होतो आणि तालुक्याची माणसं हसत होती, तेव्हा त्या चार हातांवर, चुलीपाशी, चहा करत होत्या. आपण केलेल्या कामावर गाव हसतंय आणि नाव नवऱ्याचं लागतंय, हे त्या आठ वर्षं ऐकत होत्या. मला शरम वाटली. एवढी शरम मला आयुष्यात वाटलेली नाही.

"त्यांनी तुला सगळं स्वतःवर घेऊ दिलं?" मी विचारलं.

"ती रोज म्हनायची, सांगून टाका. मी म्हटलं, लिफ्टमनला लोक येता-जाता बोलतात. मला सवय हाय. तुला नाय."

मग तो उठला, चुलीपाशी गेला. शमिका म्हणाली, मी करते, बाबा. तो म्हणाला, बस. त्याने चहा ठेवला, पत्ती घातली, दूध घातलं. साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि तसाच हातात धरून माझ्याकडे वळला.

"घालू काय?" त्याने विचारलं. "ती सांगून गेली हाय, काशीरामच्या चहात साखर घालायची नाय म्हनून. पन आता आंबा खाल्लास."

मी त्याच्याकडे बघितलं. तो नेहमीसारखाच उभा होता, मजला येईपर्यंत उभा राहावा तसा.

"नको घालू," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलंय ना."

त्याने चमचा डब्यात रिकामा केला आणि मला कप दिला. मी तो सगळा प्यायलो.